टोक

ह्या घरातली माणसं भांडखोर नाहीत, पण बोलतात भांडल्यासारखी. खाली दुकानात दिवसभर धार लावायचं चाक फिरतं, आणि त्याच्यावर आवाज चढवून बोलायची सवय तीन पिढ्यांच्या घशात बसलेली आहे. त्या रविवारी शटर ओढलेलं होतं, चाक थांबलेलं होतं, तरीही वरच्या खोलीत थोरला चाक चालू असल्यासारखाच ओरडत होता.

"उद्या मी एकच वाक्य बोलणार. मोठ्या कोर्टात चालवा. संपलं."

"हळू, दादा. टिल्लू आत पडलाय," सिस्टर म्हणाली.

"पडलाय ना? कोणी पाडलं त्याला? त्याचंच बोलतोय मी."

सिस्टर ही थोरल्याच्या पाठची बहीण. मोठ्या इस्पितळात जखमींच्या वॉर्डची प्रमुख नर्स झाल्यापासून घरात तिला नावाने कोणी हाक मारत नाही. धाकटा भाऊ आणि थोरल्याची बायको तेवढे ताई म्हणतात, आणि त्यांचे वडील, अप्पा, काहीच म्हणत नाहीत. नुसता रिकामा कप तिच्यापुढे सरकवतात, म्हणजे आणखी चहा हवा. वाटणीच्या भांडणानंतर ही तीन भावंडं एका टेबलाभोवती बसल्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हा दोन भाऊ एका बाजूला होते आणि बहीण एका बाजूला. आज कोण कुठे आहे ते अजून ठरायचं होतं.

प्रश्न सोपा होता आणि म्हणूनच अवघड. थोरल्याच्या मुलाला, टिल्लूला, मैदानाच्या मागच्या गल्लीत एका सोळा वर्षांच्या मुलाने भोसकलं होतं. मुलगा सापडला, त्याने कबूलही केलं. उद्या मुलांच्या कोर्टात विचारणार होते, जखमीच्या घरच्यांचं काय म्हणणं आहे? मोठा माणूस समजून मोठ्या कोर्टात पाठवायचं, तर तो मोठ्या तुरुंगात जाईल आणि त्याचं तारुण्य तिथेच संपेल. नाहीतर समोरासमोर बसायचं. दोन्ही घरं एका खोलीत, मधे एक जाणतं माणूस, आणि त्या मुलाने आपल्या तोंडाने सगळं सांगायचं, सगळं ऐकून घ्यायचं. मग देखरेखीखाली काम, शाळा, रागावरचे उपचार, आणि कुठे चुकला की परत कोर्टाच्या पायरीशी. कोर्ट घरच्यांच्या शब्दाला वजन देणार होतं. जखमी मुलाच्या बापाने नाही म्हटलं की बैठक होत नसे.

"समोरासमोर!" थोरला म्हणाला. "चहापाणीसुद्धा ठेवत असतील."

"ठेवतात," सिस्टर म्हणाली. "बिस्किटंपण ठेवतात. कोणी खात नाही."

"ज्याचं जळतं त्याला कळतं, सिस्टरबाई."

"माझ्याकडे सगळी जळलेलीच येतात, दादा. न जळलेला माणूस माझ्या वॉर्डात फक्त भिंती रंगवायला येतो."

ह्यावर धाकटा हसला आणि थोरल्याने बघितल्यावर खोकला.

सिस्टरबद्दल इथे थोडं सांगायलाच हवं, कारण घरातलं कोणी सांगणार नाही. वॉर्डात नवी होती तेव्हा तिला एक गोष्ट खटकली. टाके घालून घरी पाठवलेलं पोरगं काही महिन्यांनी परत येई. ते नाही आलं तर त्याला मारणारं येई, नाहीतर दोघांपैकी एकाचा दोस्त. डॉक्टर म्हणत, त्या भागातली पोरंच तसली. सिस्टर म्हणाली, जुलाबाची साथ आली तर 'त्या भागातली पोटंच तसली' असं म्हणतो का आपण? नळ शोधतो ना? तिने पोरांना 'कोणी मारलं' हे विचारायचं सोडूनच दिलं; ते पोलिस विचारतच होते. ती विचारायची, तुला लागलं म्हणून आता कोण चिडलंय? कुठे आहे तो ह्या क्षणी? आणि त्या चिडलेल्याकडे माणूस पाठवायची. माणसं आणली तीही तिच्याच वॉर्डातून कधीकाळी टाके घालून गेलेली. इस्पितळाच्या साहेबांनी आधी नाही म्हटलं, मग बघू म्हटलं, मग तिला कंटाळून हो म्हटलं. आता त्या पोरांसाठी राखलेल्या खाटा कधीकधी रिकाम्या असतात, आणि रिकामी खाट बघून एवढी खूश होणारी बाई दुसरी कुठे सापडायची नाही. ह्या बाईने किती घरांतलं रडणं आधीच थांबवलं त्याला मोजदाद नाही, कारण जे घडलंच नाही ते मोजणार कसं? एवढं मोठं माणूस घरात आहे आणि घरचे तिला चहा टाकायला सांगतात. घरोघरी मातीच्या चुली.

"मला एक बोलायचंय," धाकटा म्हणाला.

"तू माझ्याच बाजूचा आहेस, बोलायची गरज नाही," थोरला म्हणाला.

"नाही ना. तेच बोलायचंय."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. धाकटा फर्निचर पोचवायची गाडी चालवतो आणि डोक्यात राख घालून घेण्यात घरात पहिला नंबर. टिल्लूला भोसकलं त्या संध्याकाळी 'त्यांचं घर पेटवतो' असं इस्पितळाच्या व्हरांड्यात मोठ्याने म्हणाला होता तो हाच.

"त्या दिवशी मी नुसता बोललो नव्हतो, दादा. खरंच निघालो होतो. तिघं मित्र, गाडीत लोखंडी पहार. ताईचा तो टाके आला."

टाके म्हणजे सिस्टरच्या माणसांतला एक. कानापासून खांद्यापर्यंत टाक्यांची ओळ आहे म्हणून टाके. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. धाकट्याला तो माणूस अजून स्वप्नात येतो. त्याने ना अडवलं, ना उपदेश केला. गाडीचं पुढचं दार उघडलं, शेजारी बसला आणि म्हणाला, मला घरी सोडता का, बस चुकली. आता घरी सोडा म्हणणाऱ्या माणसाला खाली कसं ढकलायचं? मित्र मागे बसले. टाकेचं घर कुठे होतं कोण जाणे, तो डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या करत राहिला, आणि सगळा वेळ आपल्या मुलीच्या पडत असलेल्या दातांबद्दल बोलत राहिला. पेट्रोल संपत आलं तेव्हा म्हणाला, आता ऐका. तुम्ही आज त्यांच्याकडे गेलात तर ते उद्या तुमच्याकडे यायचे नाहीत, तुम्ही दांडगे आहात. ते तुमच्या घरातलं सगळ्यात लहान शोधतील.

"माझी पोरगी सात वर्षांची आहे," धाकटा म्हणाला. "मी स्टीअरिंगवर डोकं टेकून रडलो. मित्रांसमोर. मित्र पण रडले, गाढव सगळे."

थोरल्याने हात झटकला. "तूच म्हणाला होतास, घर पेटवू."

"म्हणालो होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या घरात कोण कोण आहे हेसुद्धा माहीत नव्हतं मला. नंतर कळलं. एक आई, आणि त्या पोराचा भाऊ. त्याला त्याच्या आधल्या आठवड्यात आपल्या टिल्लूच्या दोस्तांनी मारलेलं, हात गळ्यात घेऊन बसलेला."

"टिल्लू नव्हता त्यात!"

"नव्हता. पण रोज त्यांच्याचबरोबर बसतो ना कट्ट्यावर? त्या पोराला काय माहीत कोण होता आणि कोण नव्हता."

वहिनी, म्हणजे टिल्लूची आई, इतका वेळ खिडकीपाशी उभी होती. ती औषधाच्या दुकानात काउंटरला असते. दिवसभर लोकांची घाई ऐकून तिला स्वतः घाई करायची सवयच राहिलेली नाही. ती वळली.

"ताई, मला एवढंच सांगा. हा मुलगा सुटला आणि परत आला तर?"

"सुटणार तर आहेच, वहिनी. आज नाही तर दहा वर्षांनी. सुटतात सगळे. कसा होऊन सुटेल, एवढंच आपल्याला ठरवता येतं."

"तुम्हाला राग नाही आला? खरं सांगा. तुमचा भाचा आहे तो."

त्या संध्याकाळी सिस्टर कामावरच होती. स्ट्रेचर आत आलं तेव्हा तिने आधी बूट ओळखले, कारण ते तिनेच घेऊन दिले होते, आणि नंतर चेहरा. हात यंत्रासारखे चालत राहिले. मनात मात्र ज्या गोष्टीविरुद्ध ती इतकी वर्षं बोलत आली तीच गोष्ट होती.

"मी मनात म्हटलं, ज्याने हे केलं तो मरू दे. आजच मरू दे."

"मग?"

"मग टिल्लूला आत घेतल्यावर हात धुतले आणि टाकेला शोधलं. म्हटलं, माझ्या भाच्याला सांभाळायला इथे पुष्कळ आहेत, तू माझ्या भावाच्या मागे जा."

वहिनीने ओढणीने डोळे पुसले आणि खिडकी सोडून सिस्टरच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. नुसती खुर्ची बदलली, पण थोरल्याला ते बरोबर कळलं. एका सकाळी भाऊ गेला, बायको गेली. राहता राहिले अप्पा. अप्पा कपातल्या गाळाकडे बघत होते.

थोरला दुष्ट नव्हता. त्याच्या मनात काय होतं ते त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं, निदान त्याला तरी तसं वाटत होतं. पोलिसांनी त्याला जप्त केलेल्या सुरीचा फोटो दाखवला होता. ओळखीची आहे का, तुमच्या मुलाची वगैरे? त्याने नाही म्हटलं. सुरी साधी होती, स्वयंपाकघरातली, लाकडी मुठीची. पण टोक. मोडलेल्या पात्याला नवं टोक काढताना सगळे कारागीर मागची बाजू घासतात, वेळ वाचतो. अप्पा धारेची बाजू हळूहळू वर चढवत नेतात आणि शेवटी हाताला किंचित झोका देतात. ते टोक जरासं वर बघतं. थोरल्याने वीस वर्षं प्रयत्न केला, त्याला तो झोका जमला नाही. फोटोतलं टोक वर बघत होतं.

मोठ्या कोर्टात वकील बोलतात, कागद बोलतात, म्हाताऱ्यांना कोणी बोलवत नाही. समोरासमोरच्या बैठकीत मात्र तो मुलगा अप्पांच्या पुढ्यात बसून सांगणार की सुरी कुठून आली. नातवाच्या पोटात गेलेलं टोक आपल्या हातचं आहे हे ऐंशीला टेकलेल्या माणसाला ऐकायला लावायचं? त्यापेक्षा ते पोरगं दहा वर्षं आत सडलं तरी चालेल. असा हिशेब थोरल्याने एकट्याने केला होता आणि एकट्यानेच तो वाहत होता.

"बैठकीत नेमकं काय होतं, ताई?" वहिनीने विचारलं.

"तो सांगतो. घडलं तेवढंच नाही, आधीचंही. कोणावर चिडला, कोणी डिवचलं, कोणी थांबवलं असतं तर थांबला असता. सुरी कुठे मिळाली, कोणी..."

"पुरे!" थोरल्याने टेबलावर मूठ आपटली. कप उडाले. "सुरी कुठे मिळाली ते ऐकून काय करायचंय आपल्याला? पोटात गेली ना? मग झालं! नाही बसणार मी समोर. कोणीच नाही बसणार. माझा शब्द आहे, मी सांगतोय!"

"इतकं टोकाला कशाला जातोस, दादा?" धाकटा म्हणाला.

"टोक मी काढलं," अप्पा म्हणाले.

त्यांचा आवाज कधीच मोठा नव्हता. चाकाच्या आवाजात ते खुणेने बोलत. म्हणून पहिल्यांदा कोणाला नीट कळलंच नाही. थोरल्याला कळलं. तो खाली बसला.

"त्या सुरीचं," अप्पा म्हणाले. "एका दुपारी तू जेवायला वर आला होतास. पोरगं आलं, बारीकसं, घाम आलेलं. म्हणालं, आजोबा, नुसती धार लावा, आईला भाजी चिरायचीय. टोक मोडलेलं होतं. आता भाजी चिरायला टोक लागतं का? नाही लागत. पण मोडक्या टोकाची सुरी हातात आली की मला चैन पडत नाही, तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, बस जरा, टोकही काढून देतो. ते बसलं. मी त्याला झोका कसा द्यायचा ते दाखवलं. एवढ्या लक्षाने बघत होतं की मला बरं वाटलं. तुमच्यापैकी कोणी कधी असं बघितलं नाही."

"अप्पा, तुम्हाला कोणी सांगितलं?" थोरल्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"पोलिसांनी त्याला आपल्या गल्लीतून नेलं तेव्हा मी खिडकीत होतो. चेहरा ओळखला."

"म्हणून तुम्ही तेव्हापासून खाली दुकानात उतरत नाही?" वहिनी म्हणाली. "मला वाटलं गुडघे."

"गुडघेही आहेतच," अप्पा म्हणाले. सत्य सांगायला बसलेला माणूस काही सोडत नाही. मग ते थोरल्याकडे वळले. "तुला कधी कळलं?"

"फोटो दाखवला होता पोलिसांनी."

"आणि तू गप्प राहिलास."

"झाकली मूठ सव्वा लाखाची म्हटलं. तुमच्यापर्यंत यायला नको."

"म्हणजे मला चार वाक्यं ऐकायला लागू नयेत म्हणून तू त्या पोराला आयुष्यभर गाडायला निघालास?" अप्पांनी हात मांड्यांखाली घातले. "अरे, मूठ माझी आहे. उघडायची की नाही ते मी बघेन. तू माझ्यावर एवढी माया करतोस हे मला माहीत नव्हतं. पण ही माया दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर नको रे."

थोरला रडला नाही. तो उठला, सगळ्यांचे कप गोळा केले, मोरीत नेले आणि धुवायला लागला. ह्या घरात थोरल्याने कप धुतल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. धाकटा तोंड उघडणार होता, पण वहिनीने त्याच्या पायावर पाय दिला.

सिस्टर अप्पांजवळ जाऊन बसली. तिला पुष्कळ गोष्टी माहीत होत्या, माणसाच्या पोटात कुठे काय असतं इथपासून ते रागाला किती वेळ दिला की तो बसतो इथपर्यंत. ह्या साखळीतला एक दुवा आपल्याच दुकानात असेल हे मात्र तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ती सगळीकडे नळ शोधत हिंडली होती.

"तुमचा दोष नाही, अप्पा," ती म्हणाली.

"दोष नाही हे मलाही कळतं. पण माझं काही देणंच लागत नाही असंही नाही ना?"

तेवढ्यात आतलं दार उघडलं. टिल्लू. लहानपणी शाळेच्या रांगेत सगळ्यात पुढे उभा राहायचा म्हणून टिल्लू नाव पडलं आणि मग तो एवढा वाढला की दारातून वाकून यावं लागतं. नाव मात्र वाढलं नाही. पोटावर हात दाबून तो चौकटीला टेकला. ह्या घरातल्या आवाजात कोणी झोपू शकतं असं मोठ्यांना वाटतं तेवढंच.

"मला कोणी विचारणार आहे का?"

"तू पड जा, बाळा," वहिनी उठली.

"पडूनच आहे, आई. डोळे मिटले की तो येतो. पहिल्या दिवशी माझ्याएवढा होता. आता छताला डोकं लागतं त्याचं. मला खिडकीशी जायची भीती वाटते, जिन्यातली पावलं ऐकली तरी घाम येतो. मला तो बघायचाय. खरा केवढा आहे ते बघायचंय मला."

"आणि बघून चीड आली तर?" धाकट्याने विचारलं.

"तर तिथेच चिडेन. त्याच्या तोंडावर. इथे पंख्यावर चिडून काय उपयोग?"

सिस्टर हसली, पण तिचे डोळे भरले होते. ती एवढी वर्षं पोरांना जे शिकवत होती ते ह्या पोराने कोणी न शिकवता बोलून दाखवलं होतं.

मोरीतलं पाणी बंद झालं. थोरला हात पुसत बाहेर आला. त्याने मुलाकडे बघितलं, मग अप्पांकडे, आणि मग बहिणीला विचारलं, "उद्या कोर्टात नक्की कुठले शब्द बोलायचे असतात?"

"'आम्ही बसायला तयार आहोत.' एवढंच."

"एवढंच?" थोरला म्हणाला. "जमेल."

कोर्टात ते जमलं, पण दोनदा घसा खाकरावा लागला.

बैठक वाचनालयाच्या मागच्या खोलीत झाली. मधे टेबल नव्हतं, खुर्च्या गोल मांडल्या होत्या. बिस्किटं होती, आणि खरंच कोणी हात लावला नाही. मधे बसलेल्या बाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या आवाजात अजून वर्ग शांत करायची ताकद होती. सिस्टरला आज फक्त आत्या म्हणून बसायची परवानगी होती, मधे बोलायचं नाही ह्या अटीवर. ती अट तिने पाळली, हे वाचून तिला ओळखणारे विश्वास ठेवणार नाहीत.

मुलगा आईच्या मागून आत आला. टिल्लूने खुर्चीचा दांडा घट्ट धरला, आणि मग त्याची बोटं हळूहळू सैल झाली. मुलगा त्याच्या खांद्याएवढाही नव्हता. शर्ट दुसऱ्या कोणाचा तरी होता, बाह्या दुमडलेल्या. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि जमिनीकडे बघत राहिला.

"आधी प्रत्येकाने सांगायचं," बाई म्हणाल्या, "आपण ह्या दोन मुलांपैकी कोणाचे कोण लागतो. बाकीचं नंतर."

"मी ह्याची आई," मुलाची आई म्हणाली. मग म्हणाली, "सुरी माझी होती."

"मी टिल्लूची आई."

"काका."

"आत्या," सिस्टर म्हणाली, आणि मोठ्या कष्टाने तिथेच थांबली.

"बाप," थोरला म्हणाला.

राहिले अप्पा. त्यांनी मांड्यांखालचे हात बाहेर काढले आणि गुडघ्यांवर ठेवले.

"मी टिल्लूचा आजोबा लागतो," ते म्हणाले. "आणि ह्या पोराचाही कोणीतरी लागतोच. त्याच्या सुरीचं टोक मी काढून दिलं."

बाईंनी मान वर केली. त्यांच्या कागदावर हे नव्हतं. मुलाची आई अप्पांकडे बघत राहिली. आणि मुलाने, आल्यापासून पहिल्यांदा, जमिनीवरून डोळे उचलले.

"आजोबा," तो म्हणाला. आवाज फुटत होता, मधेच पोराचा, मधेच पुरुषाचा. "मी तुम्हाला खोटं नव्हतं सांगितलं. त्या दिवशी ती खरंच भाजीसाठीच होती."

अप्पांनी मान खाली घातली. सिस्टर थोरल्याकडे बघत होती. आता हा उठेल आणि अप्पांना हाताला धरून बाहेर नेईल, असं तिला वाटलं.

थोरला उठला. त्याने आपली खुर्ची उचलली, अप्पांच्या खुर्चीला लावून ठेवली आणि बसला. एक हात वडलांच्या हातावर ठेवला. मग पुढे वाकून तो त्या मुलाला म्हणाला, आणि त्याच्या त्या चाकावर चढणाऱ्या घशातून एवढा हळू आवाज घरच्यांनी कधी ऐकला नव्हता:

"मग पुढे काय झालं रे? सांग. सगळं सांग."